नहर एक की अनेक? वाढत्या डेटाबेससाठी यंत्र निवडण्याचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला न्याय-वैशेषिक शिकवलंत. सर्व्हर कधीपासून शिकवायला लागलात?" प्रश्न रास्त आहे. मी काही संगणकाचा माणूस नाही. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या बोलीत एक वाक्य असं घुसलंय, की ते न ऐकलेला माणूस मराठवाड्यात सापडणार नाही. रेशन दुकानात, तलाठ्याकडे, बँकेत, सेतू केंद्रात. ते वाक्य म्हणजे "सर्व्हर डाऊन आहे." पूर्वी साहेब रजेवर असायचे, आता सर्व्हर असतो! पण साहेबांच्या रजेचं कारण निदान विचारता यायचं. सर्व्हरपुढे सगळेच गप्प.

मला ते गप्प बसणं खटकलं. कारण सर्व्हर ही आभाळातून पडणारी गोष्ट नाही. कुणीतरी कधीतरी ठरवलेलं असतं की या नोंदींसाठी अमुक यंत्र घ्यायचं, इतकी मेमरी, इतक्या डिस्क. त्या निर्णयाला इतिहास आहे. तो इतिहास मी आज सांगणार आहे, आणि त्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

सुरुवात मात्र आपल्या शहरापासून करू. मलिक अंबरने १६१० मध्ये इथे खडकी हे शहर वसवलं. त्याला पाणी हवं, म्हणून १६१७च्या सुमारास त्याने नहर काढली. उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचं पाणी जमिनीखालून, निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. पुढे शहर वाढलं. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला आणि शहराचं नाव बदललं, वस्ती आणखी फुगली. तेव्हा पाण्याचं काय केलं? अंबरची नहर खणून तिप्पट रुंद केली नाही. वेगवेगळ्या भागांसाठी आणखी नहरी काढल्या. पाणचक्कीला पाणी देणारी नहर त्यांतलीच. एक नहर तुंबली तरी सगळं शहर तहानलेलं राहत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

तर प्रश्न हाच. गरज वाढली की आहे तीच गोष्ट मोठी करायची, की तशाच आणखी जोडायच्या? आपला शेतकरी काळ्या रानात जड नांगर ओढायला दांडगा बैल शोधत बसला नाही. त्याने सहाबैली, आठबैली नांगर जुंपला. संगणकवाल्यांना मात्र हे पटायला बरीच वर्षं लागली.

भारतातल्या संगणकाची सुरुवात मुंबईची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, आर. नरसिंहन यांच्या गटाने १९५६ मध्ये एक छोटं प्रायोगिक यंत्र चालवून दाखवलं आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचं यंत्र उभं केलं. १९६२ मध्ये त्याचं नामकरण झालं 'टिफ्रॅक'. त्यात निर्वात नळ्या होत्या सुमारे २,७००. आणि मेमरी किती? ४० बिटांचे २,०४८ शब्द. हिशेब करा, दहा किलोबाइट होतात. आज तुमच्या व्हॉट्सॲपवर येणारा सुप्रभाताचा फोटो त्यात मावणार नाही.

मी हे चेष्टेने सांगत नाही. त्या मंडळींनी पुस्तकं वाचून, स्वतःच्या हातांनी ते यंत्र बांधलं होतं. पण बांधून होईपर्यंत जगात निर्वात नळ्या जाऊन ट्रान्झिस्टर आले होते. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकेतल्या कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनचं सीडीसी ३६०० हे यंत्र बसलं आणि देशभरचे संशोधक आपली गणितं घेऊन मुंबईला येऊ लागले. यंत्र निवडणाऱ्याला पहिला धडा इथे मिळतो. तुम्ही आजच्या गरजेसाठी यंत्र ठरवता, पण ते वापरात येतं उद्या. आणि दुसरी गोष्ट, तो काळ एकाच मोठ्या यंत्राचा होता. गरज वाढली? जुनं काढा, त्याहून मोठं आणा.

हा मार्ग कुठे अडतो ते आपल्याला १९८०च्या दशकात कळलं. हवामानाच्या अंदाजासाठी भारताला क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. अमेरिकेने आढेवेढे घेतले, आणि शेवटी हवा होता त्याहून लहान नमुना अटी घालून दिला. तो दिल्लीत बसला. पण मोठं यंत्र देणारा एकच असेल तर तो म्हणेल ती पूर्व दिशा, हे सरकारच्या लक्षात आलं होतं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. विजय भटकर त्याचे प्रमुख. त्यांच्या गटाने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. त्यासाठी त्यांनी क्रेसारखा एकच प्रचंड प्रोसेसर बनवायचा नाद केला नाही. इन्मॉस नावाच्या ब्रिटिश कंपनीची ट्रान्सप्युटर नावाची चिप बाजारात मिळत होती. तशा अनेक चिपा एकमेकींना जोडल्या आणि काम वाटून दिलं. आठबैली नांगरच की!

पुढे १९९८चा 'परम १००००' तर सन कंपनीच्या, बाजारात विकायला असलेल्या सर्व्हरांचाच संच होता. आणि २००७ मध्ये पुण्यातच टाटांच्या कंपनीने उभारलेला 'एका' जगातल्या महासंगणकांच्या यादीत चौथा आला. आत काय होतं? एचपीचे ब्लेड सर्व्हर, इंटेलचे झिऑन प्रोसेसर. कुठलंही मोठं कार्यालय विकत घेऊ शकेल अशी यंत्रं, फक्त संख्येने पुष्कळ.

इथे तुमच्यातला एखादा अभियंता म्हणेल, झालं तर मग, बरीच छोटी यंत्रं घ्या, प्रश्न मिटला. नाही मिटला. खरी गंमत इथूनच सुरू होते.

हवामानाचं गणित आणि नोंदींची वही या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गणित वाटून देता येतं. तू लातूरचं बघ, तू बीडचं बघ, शेजाऱ्याशी मधूनमधून बोल. डेटाबेसचं तसं नाही. तिथे नोंदी एकमेकींत गुंतलेल्या असतात. १९७० मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी डेटाबेसची जी मांडणी दिली, तिचं नावच रिलेशनल. मूळ कल्पना संबंधाची.

आणि संबंध म्हटला की मला माझं दुकान उघडायला परवानगी आहे. वैशेषिक दर्शनात संबंधाचे दोन प्रकार फार नेमके सांगितलेत. एक संयोग, दुसरा समवाय. हातात पुस्तक धरलंय, हा संयोग. पुस्तक खाली ठेवलं तरी हात हातच राहतो, पुस्तक पुस्तकच. तंतू आणि वस्त्र यांचा मात्र समवाय. तंतू वेगळे काढले की वस्त्र उरतच नाही. आता डेटाबेस बघा. एका खात्यातून शंभर रुपये वजा आणि दुसऱ्यात शंभर जमा, या दोन नोंदी समवायाने बांधलेल्या आहेत. एक झाली आणि दुसरी राहिली तर तो व्यवहारच नव्हे. एका शिधापत्रिकेवरचं कुटुंब आणि त्यातली माणसं, हाही समवाय समजा. पण माझी शिधापत्रिका आणि तुमची शिधापत्रिका यांच्यात फार तर संयोग. त्या दोन वेगळ्या यंत्रांवर ठेवल्या तर कुणाचं काही बिघडत नाही.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. वाढत्या डेटाबेससाठी यंत्र निवडताना 'केवढं यंत्र' हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की या नोंदी कुठे तोडता येतात आणि कुठे तोडल्या तर फाटतात? तोडता येत असतील तर अनेक साधी यंत्रं चालतात. येत नसतील तर एक दणकट यंत्र लागतं, आणि त्याच्या शेजारी त्याची प्रत.

मग इतकी वर्षं लोक मोठंच यंत्र का घेत राहिले? त्याचं एक कारण तांत्रिक नाही, पैशाचं आहे. व्यापारी डेटाबेसचा परवाना बहुधा प्रोसेसरच्या संख्येवर मोजला जायचा. म्हणजे बैल स्वस्त, पण प्रत्येक बैलामागे पट्टी भरा! मग माणूस कमीत कमी आणि ताकदवान प्रोसेसर असलेलं यंत्र शोधणारच. मुक्त डेटाबेस आले आणि ही पट्टी गेली. बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या पोस्टग्रेस प्रकल्पातून १९९६ मध्ये पोस्टग्रेस-क्यूएल हे नाव पुढे आलं. स्वीडनमधून १९९५ मध्ये मायएसक्यूएल आला. दहावा सर्व्हर जोडला तरी परवान्याचे पैसे तेवढेच, म्हणजे शून्य. म्हणजे यंत्रनिवडीचा जमाखर्च बदलला तो चिपमुळे जितका, तितकाच परवान्यामुळे.

आता यंत्राच्या आत डोकावू. फार खोल नाही, घाबरू नका.

डेटाबेसच्या सर्व्हरमध्ये पहिली झटापट असते मेमरी आणि डिस्क यांच्यात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क घ्या. सेकंदाला १२० फेरे झाले. हवी ती नोंद डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चारेक मिलिसेकंद, शिवाय डिस्कचा हात सरकायला वेळ. सगळं धरून सेकंदाला विखुरलेल्या नोंदी वाचून होतात शंभरच्या आसपास. प्रोसेसर कितीही वेगवान असो, तो हात चोळत बसतो. १९८७ मध्ये जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी त्यावर एक व्यवहारी नियम सांगितला. पाच मिनिटांचा नियम. एखादी नोंद पाच मिनिटांतून एकदा तरी लागत असेल तर ती मेमरीत ठेवणं स्वस्त पडतं. त्याहून क्वचित लागत असेल तर डिस्कवर राहू द्या. पुढे किमती बदलल्या, फिरत्या डिस्कच्या जागी सेकंदाला हजारो नोंदी वाचणाऱ्या एसएसडी आल्या, त्यामुळे मिनिटांचा आकडा हलत राहिला. पण विचाराची रीत टिकली. आपल्या घरातही रोजची भांडी हाताशी आणि सणाची माळ्यावर असतात. वाढती रोजची, की वाढती माळ्यावरची, हे पाहूनच कपाट घ्यायचं.

दुसरी गोष्ट डिस्क मोडण्याची. १९८८ मध्ये बर्कलीच्याच पॅटरसन, गिब्सन आणि कात्झ यांनी रेड ही कल्पना मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क, आणि एक गेली तरी माहिती वाचेल अशी रचना. पण यातही निवड आहे. रेड ५ मध्ये जागा वाचते, पण एक छोटी नोंद लिहायची तर चार कामं. जुनी माहिती वाचा, जुनी पडताळणी वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. सरळ दोन प्रती ठेवल्या तर लिहिण्याची कामं दोनच, पण डिस्क दुप्पट. वाचन जास्त की लेखन जास्त, हे माहीत नसताना यांतलं एक निवडणं म्हणजे पाऊस न बघता पेरणी करण्यासारखं आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती आहे खरेपणाची. डेटाबेस म्हणतो, "नोंद झाली." त्याचा अर्थ, वीज गेली तरी ती राहील. पण काही डिस्क नोंद आपल्या तात्पुरत्या मेमरीत घेतात आणि खाली लिहिण्याआधीच "लिहिलं" म्हणून कळवतात. वेग छान दिसतो. वीज असेपर्यंत! १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. विकिपीडियाच्या नोंदी तेव्हा मायएसक्यूएलवर, अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्व्हरवर होत्या. फेब्रुवारी २००५ मध्ये तिथल्या सर्व्हरगृहात वीज गेली. सगळी यंत्रं एकदम बंद. पुन्हा सुरू केली तर डेटाबेसच्या बहुतेक प्रती बिघडलेल्या. वाचलेल्या प्रतीवरून सगळं उभं करावं लागलं. प्रती अनेक होत्या, पण वीज एकच होती. संख्येने मिळणारं संरक्षण प्रती खरोखर स्वतंत्र असतील तरच खरं. म्हणून जाणकार लोक सर्व्हर घेताना वेगाच्या आधी बॅटरीचा आधार असलेला कंट्रोलर, वीज गेली तरी लिहून पूर्ण करणारी एसएसडी आणि चूक पकडून दुरुस्त करणारी मेमरी मागतात. हे सगळं जाहिरातीत बारीक अक्षरात असतं.

आता आपल्या राज्यातल्या सर्वांत मोठ्या उदाहरणाकडे येऊ. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. एका नोंदीपासून सुरू झालेला हा डेटाबेस एप्रिल २०१६ मध्ये शंभर कोटींवर गेला. यंत्र किती मोठं घ्यायचं, हे टेंभलीच्या दिवशी कोण सांगू शकला असता? प्राधिकरणाने ठरवलं की बाजारात कुणाकडूनही मिळतील असे साधे सर्व्हर घ्यायचे, त्यांवर लिनक्स, आणि लागतील तसे वाढवत जायचं. नोंदींसाठी तुकड्यांत वाटलेला मायएसक्यूएल, शिवाय हडूप, एचबेस, मोंगोडीबी अशी मुक्त साधनं.

हे जमलं, कारण नोंदींचा स्वभाव तसा होता. पडताळणीच्या वेळी प्रश्न एवढाच असतो, की या क्रमांकाचा हाच माणूस का? एक क्रमांक, एक नोंद. बाकीच्या शंभर कोटींशी घेणंदेणं नाही. संयोग. क्रमांकानुसार नोंदी हजार यंत्रांवर वाटा, काही फाटत नाही.

पण नोंदणीच्या वेळचा प्रश्न वेगळा आहे. हा माणूस आधी कुठे नोंदलेला नाही ना? इथे नव्या माणसाची तुलना असलेल्या प्रत्येकाशी करावी लागते. समजा साठ कोटी माणसं झाली आहेत आणि दिवसाला दहा लाख नवी येतात. एका दिवसाच्या तुलना किती? साठ कोटी गुणिले दहा लाख, म्हणजे सहा कोटी-कोटी. प्रत्येक यंत्राला साठ कोटींचा एकेक तुकडा दिला तरी एकूण काम कमी होत नाही, फक्त वाटलं जातं. आणि लोकसंख्या दुप्पट झाली की आजवरच्या तुलनांची बेरीज चौपट होते. एकाच डेटाबेसमध्ये एक काम सरळ रेषेत वाढतं, दुसरं वर्गाने. दोन्हींसाठी यंत्रांचा अंदाज एकाच पट्टीने मोजला तर फसगत ठरलेली. म्हणून ते तुलनेचं काम वेगळं काढून तीन पुरवठादारांच्या प्रणालींना दिलं, आणि जो अचूक आणि जलद त्याला जास्त वाटा. एकावर अवलंबून राहायचं नाही, हे तिथेही पाळलं.

अवलंबून राहण्याबद्दल आणखी एक प्रसंग सांगतो. २००८ मध्ये मायएसक्यूएल सन कंपनीने घेतला. २०१० मध्ये सनलाच ओरॅकलने घेतलं. डेटाबेसचा धनी बदलला! पण परवाना मुक्त असल्यामुळे मूळ निर्मात्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्येच त्याची मारियाडीबी ही वेगळी शाखा काढली होती. विकिपीडिया २०१३ मध्ये तिकडे गेला. नोंदी त्याच, सर्व्हरही टाकून द्यावे लागले नाहीत. एकदा निर्णय घेतल्यावर परत फिरायची वाट उघडी असणं किती मोलाचं, हे आपल्या परिसराला वेगळं सांगायला नको. इथून जवळच देवगिरी आहे. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून तिथे आणली, आणि काही वर्षांनी परत नेली. स्थलांतराचा खर्च शेवटी माणसांनी भरला.

आता शेवटाकडे येतो. हे सगळं ऐकून एखाद्या छोट्या संस्थेला वाटेल, आपल्यालाही पन्नास सर्व्हर लागतील. अजिबात नाही. समजा एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक लाख पुस्तकं आहेत. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार होऊन २००० साली सुरू झालेलं कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर वापरायचंय. एका पुस्तकाची नोंद दोन किलोबाइट धरली तर सगळी सूची झाली दोनशे मेगाबाइट. ती साध्या यंत्राच्या मेमरीत अख्खी मावते. देवघेवीच्या नोंदी दहा पट झाल्या तरी मावेल. तिथे दुसरं यंत्र घ्यायचं ते वेगासाठी नव्हे, पहिलं गेलं तर म्हणून. आणि ते दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या वीजजोडणीवर ठेवायचं. फ्लोरिडा आठवा.

एक प्रश्न आलाय, घेऊ या. मागे बसलेली मुलगी विचारते, "सर, आता सगळं क्लाउडवर भाड्याने मिळतं. मग यंत्र निवडायचा प्रश्न उरतोच कुठे?"

चांगला प्रश्न आहे, बाळ. भाड्याच्या घरातही किती खोल्या हव्यात हे आपणच ठरवतो ना? मेमरी किती, डिस्क कशी, प्रती कुठे, हे तिथेही तुलाच सांगावं लागतं, फक्त चूक झाली तर महिन्याभरात बदलता येते. हा मोठा फायदा आहे. मात्र घर सोडताना सामान बाहेर काढता येईल ना, हे आधी बघ. म्हणून डेटाबेस मुक्त असावा. आणि कुठल्याही घरात राहिलीस तरी एक काम स्वतः कर. ठेवलेल्या प्रतीवरून सगळं पुन्हा उभं करून बघ. नुसती प्रत घेतली म्हणणारे पुष्कळ असतात, उभी करून पाहणारे थोडे.

आणि एक गोष्ट यंत्र कधीच सांगणार नाही. आयुष्यभर ऊस तोडलेल्या, विटा उचललेल्या बाईच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. सर्व्हर चालू असतो, उत्तरही क्षणात देतो, आणि ते उत्तर असतं, जुळत नाही. तेव्हा तिला धान्य द्यायचं की नाही, हे मेमरी वाढवून सुटत नाही. त्यासाठी दुकानात एक वही, एक पेन आणि नोंद करायचा अधिकार असलेला माणूस लागतो. यंत्रांची यादी करताना त्याचीही तरतूद करा. बाकी पुढच्या वेळी बोलू. नमस्कार.